टाकी धुतल्यानंतर

औषधाच्या दुकानातली मीठ-साखरेची पाकिटं संपली.

एका दाराबाहेर चार वर्षांच्या मुलीच्या चपला. त्या आत कुणी नेत नाही.

एक माणूस सकाळपासून हात धुतोय.

वर्तमानपत्राचं पहिलं पान : ‘टाकी धुतली; दुसऱ्याच दिवशी बालिकेचा मृत्यू!’

खिडकीवर दगड. मग आणखी एक.

“पाच वाजता साहेब बाबांना कामावरून काढणार!” खारूताई म्हणाली. सारखी तुरुतुरु पळायची, म्हणून वर्गात तिचं नाव खारूताई. तिचे बाबा पाण्याच्या टाक्या धुवायचे. सोमवारी वस्तीची टाकी त्यांनीच धुतली होती. आज गुरुवार. “आणि बाबा बोलतच नाहीत. नुसते हात धुतायत!”

“पण पहिला पेला त्यांनीच प्यायला ना?” वकील म्हणाला. तो तिच्याच वर्गात होता. झोपेतही वाद घालायचा, म्हणून वकील. “टाकी भरली की पहिला पेला स्वतः प्यायचा, हा त्यांचा नेम. काही झालं त्यांना?”

“मी तर तीन तांबे प्यालो!” वरच्या गल्लीतला ठेंगू म्हणाला. “आहे की धडधाकट!”

“धडधाकट? दप्तर तुझ्यापेक्षा उंच आहे!” वकील म्हणाला.

कुणी हसलं नाही.

मग त्यांनी दारोदार दोनच प्रश्न विचारले. कोण आजारी? कधीपासून? चार दारं तोंडावर आपटली. पाचवं, चपलांचं दार, उघडंच होतं.

“रविवारी सकाळी उलटी झाली तिला,” मुलीची आई म्हणाली. “पेपरवाले फोटो मागून घेऊन गेले. दिवस कुणी विचारलाच नाही.”

रविवार! टाकी तर सोमवारी धुतली!

दुपारपर्यंत ठेंगूची वही भरली. आजारी घरं सगळी खालच्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी चर खणून बुजवला होता. एवढ्या उन्हात तिथली माती ओली होती, आणि तिला घाण वास येत होता.

पाचला दहा कमी असताना तिघं पाणी खात्याच्या कचेरीत घुसली. साहेबांसमोर बाबांना काढायचा कागद होता. शेजारी ती बातमी लिहिणारा बातमीदार.

“आधी टाकी धुतली, नंतर मुलगी गेली,” तो म्हणाला. “सरळ आहे, बाळांनो!”

“म्हणजे आधी घडलं तेच कारण?” वकिलानं विचारलं.

“अर्थात!”

“मग काल तुमची बातमी आली, आणि आज आणखी नऊ जण आजारी पडले. तुमचा पेपर बंद करायचा का, काका?”

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला आणि त्यानं फायलीत डोकं खुपसलं.

“साहेब, तक्रारवही उघडा ना!” खारूताई म्हणाली. “टाकी धुवायला बाबांना कुणी आणि का पाठवलं?”

साहेबांनी पान उलटलं. शुक्रवार : ‘खालची गल्ली. पाण्याला वास.’

“वास आला म्हणून टाकी धुतली! तुम्ही सगळं उलटं लिहिलंत!” तिनं ठेंगूची वही पुढे सरकवली : मुलीची उलटी रविवारी, आजारी घरं खालच्या गल्लीत, ओला चर तिथेच. “माणसं अजून तेच पाणी पितायत!”

साहेबांनी आधी पाणी बंद करायला लावलं. मग चर उकरायला माणसं पाठवली. सहाच्या सुमारास तळाशी सापडली पाइपची चीर, आणि शेजारून झिरपणारं गटार.

“शाबास पोरांनो!” साहेब म्हणाले. “आम्हा मोठ्यांना सुचलं नाही ते...”

“हे बाबांना येऊन सांगा,” खारूताई म्हणाली.

ते आले. दारात उभे राहून त्यांनी माफी मागितली. बाबांनी नळ बंद केला, हात पुसले आणि लेकीच्या डोक्यावर ठेवले. बातमीदार मात्र थेट त्या आईकडे गेला. या वेळी त्यानं दिवस विचारला. नवी बातमी छापून आली, पाचव्या पानावर.

वासाच्या तक्रारीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, चर बुजवताना एक मजूर मुकादमाला म्हणाला होता, “पाइपला चीर गेलीय.” मुकादम म्हणाला होता, “लोट माती.”