फिल्टर पेपरवरची हिरवी वर्तुळं

“बुडबुडेच येत नाहीयेत,” एवढंच बोलून पायल फोनवर रडू लागली.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या हेमाताई तिच्या शेजारच्या. वाघोलीच्या त्या संशोधन संस्थेत त्या पोहोचल्या तेव्हा चार वाजले होते.

बंद खिडक्यांच्या प्रयोगशाळेत पायल सरांनी दिलेल्या टाइप केलेल्या कागदासमोर बसली होती. ‘मी आकडे बनवले.’ पाचपर्यंत सही केली तर गुपचूप घरी, नाही केली तर बोभाटा करून घरी. चार वर्षांची पीएच.डी. दोन्हीकडून बुडणार होती.

पाण्यातून ऑक्सिजन काढायला तिने निकेल ऑक्साइडचा थर बनवला होता. वीज सोडली की बुडबुडे नुसते उसळायचे. सोमवारी परीक्षकांसमोर तोच थर मख्ख बसून राहिला.

“थर ज्यात बुडवतेस ते अल्कलीचं पाणी कुठलं होतं?” हेमाताईंनी विचारलं.

“नेहमीच्याच बाटलीतलं.”

“बाटलीला हात कोण लावतं?”

“मी, विश्वजीत आणि सर.”

सहसंशोधक विश्वजीत वैतागला. “मला कशाला तिचं बिघडवायचंय? माझंच धड चालत नाही.” त्याची खरकटी भांडी आठवडाभर सिंकमध्ये पडून होती.

मार्गदर्शक डॉ. रणजित गोडांबे मात्र शांत होते. “अहो, आपण उगाच त्रास घेतलात. मुलीने चूक कबूल करावी.” पाणी पिऊन त्यांनी ग्लास विसळला आणि कागद पसरून त्यावर उपडा घातला.

हेमाताईंनी सफाईच्या कौशल्याबाईंना गाठलं.

“सोमवारी सकाळी काही वेगळं दिसलं?”

“गाळ काढायच्या मशीनच्या नळ्या धुतलेल्या व्हत्या, ताई. फिल्टर पेपरवर उपड्या. हितली पोरं कुठं धुत्यात? कागदावर हिरवी वर्तुळं उमटली हायेत, म्हून टाकला न्हाई.”

तो कागद पाहून हेमाताईंनी सगळ्यांना बोलावलं. पायलच्या पात्रात लोहक्षाराचे दोन थेंब टाकले, वीज सोडली. काही मिनिटांत बुडबुडे उसळू लागले. पायल ताडकन उठली.

“निकेल एकटं फारसं काही करत नाही,” हेमाताई म्हणाल्या. “अल्कलीत किंचित लोखंड असलं की ते थरावर बसतं आणि काम जोरात होतं. बाटलीवर ‘शुद्ध’ लिहिलेलं वाचून पायलने तपासलं नाही. दुसऱ्या कुणीतरी तपासलं. रविवारी त्याने बाटलीतल्या पाण्यात निकेल हायड्रॉक्साइड घालून लोखंड ओढून घेतलं आणि गाळ मशीनमध्ये फिरवून काढला. हा हिरवा डाग त्या निकेलच्या गाळाचाच. लोखंडाचं महत्त्व कळलेलाच ते काढून टाकणार. विश्वजीतला कळलं असतं, तरी त्याने नळ्या धुतल्या नसत्या. धुऊन कागदावर उपडं घालायची शिस्त इथे एकाचीच आहे, गोडांबे. पायल खोटारडी ठरली, की वर्षभराने हा शोध तुमचा.”

गोडांबे तांबडेलाल झाले. “माझ्या लॅबमध्ये जे सापडतं ते माझंच असतं!”

कबुलीजबाब याहून स्वच्छ मिळणार नव्हता.

पायल बुडबुड्यांकडे बघत होती. ती खोटी नव्हती, पण चार वर्षं चुकीच्या धातूचं कौतुक करत होती. दोन्ही गोष्टी तिला एकदमच कळल्या.

“सर,” ती म्हणाली, “नुसतं सांगितलं असतंत, तर मी तुमचं नाव माझ्या आधी लिहिलं असतं.”