पितळेला घर ठाऊक असतं

ऑरविल स्टॅगरचा काडतुसं भरायचा सगळा संसार बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावत होता. लाकडी हातोडी, पोलादाच्या दोन-तीन नळ्या, एक कांडी आणि दारू मोजायला पिवळा चमचा. त्याच्या जावयाने, नोलन प्रायरने, तो डबा सासूच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडा केला आणि कुणाच्या पोटातून काढलेल्या वस्तू पाहाव्यात तसा तो त्यांच्याकडे पाहत राहिला.

“जन्मभर यावर शिकार केली,” तो म्हणाला. “दारू चमच्याने मोजायची, गोळी हातोडीने ठोकून बसवायची. बोटं शाबूत राहिली हेच नवल.”

“शाबूत आहेत त्याची बोटं,” बटाटे सोलता सोलता त्याची सासू, व्हर्ना, म्हणाली. “दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, एवढी रीत पाळली की राहतात.”

‘आहेत’ हा शब्द नोलनला खटकला. गेल्या शिकारीच्या मोसमात ऑरविल मिल क्रीकच्या घळीत एल्क हरणाच्या मागावर गेला तो परतलाच नाही. शोधायला गेलेल्यांना बर्फाने परत फिरवलं. उन्हाळ्यात पुन्हा शोध झाला, पण ना माणूस सापडला ना बंदूक. व्हर्ना अजून त्याचं ताट मांडायची. कोरीन, नोलनची बायको, सातव्या महिन्यात होती. नाळ कापायच्या आत वडील घरी यावेत, मग ते कसेही असोत, एवढंच तिला हवं होतं. पहिल्या मोठ्या बर्फाने घळ पुन्हा बंद होणार होती.

नोलनला मात्र पुंगळ्या, काडतुसांची पितळी कवचं, हव्या होत्या. त्या वर्षी सॅमन गावातल्या दुकानांत त्याच्या मापाच्या रिकाम्या पुंगळ्या मिळत नव्हत्या आणि म्हाताऱ्याकडे पिशवीभर पडून होत्या.

“त्या तुझ्या बंदुकीत बसायच्या नाहीत,” व्हर्ना म्हणाली. “पितळेला घर ठाऊक असतं.”

नोलन हसला. यात गूढ काहीच नव्हतं. बार उडाला की पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या पोकळीचा तंतोतंत ठसा घेते. म्हातारा हातोडीने फक्त पुंगळीचं तोंड आवळायचा, त्यामुळे ती त्याच्या एकाच बंदुकीत बसायची. नोलनकडे गॅरेजमध्ये लोखंडी दाबयंत्र होतं, ते पुंगळी अंगासकट दाबून मूळ मापावर आणायचं. शिवाय विजेवरचा तराजू होता आणि खिशात कायम बाळगलेला कॅलिपर, जाडी मोजायची आकडेवाली पट्टी. खाणीच्या प्रयोगशाळेत तो धातू तपासायचा. पितळेला काय ठाऊक असतं ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

म्हातारा त्याला ‘मास्तर’ म्हणायचा. नोलन काही मोजायला लागला की दुखरा गुडघा चोळत नाकातून फुस्सकन हवा सोडायचा आणि मुलीला म्हणायचा, “चिमणे, मास्तरला विचार, आजचा वारा किती ग्रॅमचा आहे.” तिशीच्या बाईला चिमणी म्हणणारा माणूस, असं नोलनच्या मनात यायचं.

संध्याकाळी त्याने पुंगळ्या दाबल्या, मोजल्या. बरोब्बर मूळ माप. सकाळी एक उचलून आपल्या बंदुकीत घातली, तर बोल्ट, बंदुकीची मागची खिट्टी, बंद होईना. कॅलिपर लावला. पुंगळीचा खांदा, तोंडाखालचा उतार, पुन्हा पुढे सरकला होता.

दाबलेलं पितळ थोडं पूर्वीच्या आकाराकडे परत येतं, हे पुस्तकात आहे. एवढं येत नाही. त्याने वंगण बदललं, पुंगळ्यांची तोंडं तापवून थंड केली, पुन्हा दाबल्या. दुसऱ्या दिवशी तेच. सासू रात्रीतून पुंगळ्या बदलते आहे असं वाटून त्याने प्रत्येकीच्या बुडावर सुईने बारीक रेघ ओढली. सकाळी रेघा जागच्या जागी होत्या, आणि पुंगळ्या म्हाताऱ्याच्या मापाच्या.

“हलक्या प्रतीचं पितळ,” तो कोरीनला म्हणाला. “माणसासारखंच.”

खिडकीतून ती लेमहायच्या डोंगरांकडे पाहत होती. शिखरं पांढरी झाली होती.

मोसम उघडला त्या दिवशी त्याने पहाटेच पुंगळ्या दाबल्या, स्वतः तोलून दारू भरली आणि काडतुसं बंदुकीत घालून पाहिली. बसली. पितळ पुन्हा फुगायच्या आधी, दुपारच्या आत, काम उरकायचं होतं. कोरीन घळीच्या तोंडापर्यंत बरोबर आली. “मी इथेच थांबते,” ती म्हणाली. “वर गेलास तर बघ जरा.”

“काय बघू?”

“तुला ठाऊक आहे काय.”

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पाइनच्या आडून एक नर एल्क बाहेर आला आणि अंग आडवं करून उभा राहिला. नोलनने बोल्ट पुढे ढकलला. तो अडला. एल्कने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेला.

नोलनने बंदुकीला, पितळेला आणि मेलेल्या सासऱ्याला शिव्या घातल्या. मग रागारागाने चढत राहिला. वाटेत तेच काडतूस पुन्हा ढकलून पाहिलं. मघापेक्षा जास्त आत गेलं.

तो थांबला. वीस पावलं खाली उतरला. काडतूस अडलं. पुन्हा वर चढला. आत गेलं. डावीकडे वळला, बोल्ट जड. उजवीकडे, हलका. त्याने दुसरं काडतूस घेतलं, मग तिसरं. सगळी एकाच दिशेला सैल होत होती. उंची, थंडी, हवेचा दाब अशी कारणं त्याने लावून पाहिली. उजवीकडे जाताना उंची बदलत नव्हती.

तो उजवीकडे गेला.

एका कपारीपाशी बोल्ट लोण्यातून गेल्यासारखा बंद झाला.

आत कोट होता, आणि कोटात जे उरलं होतं ते. शेजारी खडकाला टेकवलेली जुनी बंदूक कोरडी होती.

नोलनला आधी दुःख झालं नाही. सिद्ध करायची घाई झाली. म्हाताऱ्याची पुंगळी, म्हाताऱ्याची बंदूक. त्याने तिचा करकरणारा बोल्ट उघडला आणि आपलं काडतूस आत सारलं.

बसलं नाही.

महिनाभर त्याच्या बंदुकीत जिथे अडत होतं, बरोब्बर तिथेच अडलं. त्याने दुसरं घातलं, मग सगळी. एकही नाही. आपल्या नव्या, दुर्बीण लावलेल्या बंदुकीत मात्र ती एकामागून एक अलगद जात होती, रोजची असल्यासारखी.

बाहेर बर्फ पडायला लागलं होतं.

तो कपारीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. खाली, वळणावर, कोरीन बरीच वर चढून आली होती. एक हात पोटावर, दुसरा कपाळावर. ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

“डॅड?” तिने हाक मारली.

मी नोलन आहे, असं सांगायला त्याने तोंड उघडलं.

“आलो गं, चिमणे,” तो म्हणाला.

आवाज बर्फातून खणखणीत खाली गेला. ती हसली, रडली, जागीच खाली बसली. तो घाईने उतरू लागला. ताट मांडलेलं असेल. गुडघा नेहमीसारखा दुखत होता.

खिशात काहीतरी टोचलं. त्याने ते काढून पाहिलं. छोट्या काचेत आकडे दिसणारी कसलीशी चकचकीत पट्टी होती. ती त्याने उलटसुलट केली, नाकातून फुस्सकन हवा सोडली आणि दगडांत भिरकावून दिली. कुणातरी मास्तरचं खेळणं.