शालनच्या हाताची मस्टँग

तन्वी मगदूम गाडीवरून हात फिरवत होती, पण पत्र्याला न टेकवता.

"टेक की हात, पोरी. लोखंड आहे ते," आनंदराव चौगुले म्हणाले.

गडद हिरवी, १९६९ची मस्टँग. धरणाच्या कामावर आलेल्या एका अमेरिकन साहेबाकडून आनंदरावांच्या सासऱ्यांनी ती घेतली आणि पुढे लेकीला, शालनला दिली. दसऱ्याला अंबाबाईपर्यंत, कधीतरी पन्हाळ्याला, एवढीच ती फिरलेली. रंग मूळचा, सीटही मूळच्याच. इंजिन अजून एका चावीत उठायचं.

"काका, तुम्ही का नाही चालवत?"

"मी पुसायला. चालवायची शालन."

शालनला जाऊन वर्ष होत आलं होतं. उभी गाडी आतून मरते, हे तिचंच बोलणं. म्हणून ते विकायला निघाले होते. पण गाड्या आपल्या आपण चालू लागल्यापासून क्लच दाबता येणारी माणसं उरली नव्हती. आधी बघून गेलेली दोन गिऱ्हाइकं ती काचेच्या दालनात मांडून ठेवणार होती. तन्वीला ती चालवायची होती, आणि त्यासाठी शालनचे सवयमोजे हवे होते.

हातापायांत घालायचे हे पातळ मोजे. घालणाऱ्याच्या स्नायूंची सवय ते टिपून घेतात आणि दुसऱ्यानं घातले की त्याच्या हातापायांना हळूच तशीच ओढ देतात. शालननं शेवटची दोन वर्षं ते घालूनच गाडी चालवली होती.

"मोजे आजच्या फेरीपुरते," आनंदरावांनी आधीच बजावलं. "ते विकायचे नाहीत."

तन्वी डावीकडच्या स्टिअरिंगमागे बसली. तिचा उजवा हात उचलला गेला, स्टिअरिंगला लागला आणि मग कपाळाला.

"हे केल्याशिवाय चालू होत नाही?"

"तिच्या मते नाही होत."

आठ सिलिंडरचा आवाज गल्लीत घुमला. गिअर लोण्यातून गेल्यासारखे पडत होते. रंकाळ्याच्या कडेनं लोक चालता चालता थांबून बघू लागले. आनंदराव नेहमीच्या जागी बसून तिचा हात बघत होते. किती सफाई होती शालनच्या हाताला.

वळणावर म्हशी आडव्या आल्या. तन्वीनं ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी तिचा उजवा हात आडवा होऊन आनंदरावांच्या छातीवर आला. घट्ट. पट्टा लावलेला असला तरी शालन दर ब्रेकला हेच करायची.

"सॉरी काका. मी नाही केलं ते."

"माहीत आहे मला."

म्हशी निवांत गेल्या. तन्वीनं मोज्यांना जोडलेला फोन पाहिला.

"मोजे विचारतायत. गाडी चालवायला न लागणाऱ्या दोन हालचाली सापडल्यात, पुसायच्या का?"

"मोजे किती दिवस घालावे लागतात?"

"महिनाभर. मग सवय माझ्याच हातात मुरते."

"कायमची?"

"कायमची."

आनंदरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मोजे घेऊन जा. पुसू नको काही."

पुन्हा निघताना तिनं हात स्टिअरिंगला लावून कपाळाला लावला. या वेळी मोज्यांनी ओढलं की तिनं आपणहून, ते त्यांना कळलं नाही. उद्या या जागी तिचं कुणी बसेल, शालनचं नावही न ऐकलेलं. ब्रेक लागेल, छातीवर हात येईल. त्याला तो कुणाचा वाटेल?