चुगली

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी आत्ता या ताटात पडो. आता दवाखान्यात, कचेरीत, लग्नाच्या बैठकीतसुद्धा ‘चुगली’ असते ना, ती पहिली बनवली रेवतीनं. पीएचडी करताना.

यंत्र कसलं, केवढा तो हंडा! छताला टांगलेला, आत ताऱ्यांमधल्या पोकळीहून कडक थंडी. तिची मावशी डबा घेऊन गेली तर दारातच तिच्या केसांतल्या पिना काढून घेतल्या. लोखंड आत चालायचं नाही.

“एवढं गारठवतेस कशाला गं त्याला?”

“उबेत अणू वळवळतात, मावशी. त्या गलक्यात बारीक काही कळत नाही. थंडीत सगळे गप्प. मग आतल्या चिपला तुझ्या काळजाचं चुंबकसुद्धा लांबून कळतं.”

“काळजात चुंबक?”

“इवलुसं. ठोक्याठोक्याला उमटतं.”

“बरं. जेवलीस का?”

“हो.”

टुक्! भोंगा वाजला. रेवती चाटच पडली. खोटं बोलताना ठोका जरासा अडखळतो, तो यंत्रानं पकडला होता.

“चुगलखोर मेलं!” मावशी हसली. नाव तिथंच पडलं.

पुढं शोध छापून आला, तो तिचे गाइड नेवाळकर सर आणि त्यांच्या भाच्याच्या नावानं. “तू नुसत्या नळ्या जोडल्यास,” सर म्हणाले. रेवतीनं दात आवळले. सर त्या खोलीत कधी फिरकलेच नव्हते; दारात लोखंडी बकलाचा पट्टा काढून द्यायचा म्हणजे मानाला धक्का! त्यामुळे चोरलेली वस्तू काय करते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

यंत्राच्या उद्घाटनाला मात्र सरांना पट्टा काढावा लागला. एका हातानं पँट सावरत उभे होते. रेवतीनं भोंग्याचा आवाज मोठा केला आणि गोड विचारलं, “सर, पाहुण्यांना सांगा ना, कल्पना कोणाची?”

“अर्थात माझी.”

टुक्!

“आणि माझं काम?”

“नळ्या जोडायचं.”

टुक्! टुक्!

“हे काय वाजतंय?” एका पाहुण्यानं विचारलं.

“खोटं बोललं की वाजतं,” रेवती म्हणाली.

सरांनी घाबरून दोन्ही हात जोडले, आणि पँट खाली! रेवतीचा जीव असा गार झाला म्हणता!

मग तिला चटकच लागली. जगातला एकेक खोटारडा उघडा पाडायचा! यंत्र डब्याएवढं केलं. कुणी लबाडानं बंद करू नये म्हणून बटणच ठेवलं नाही. दवाखान्यात खाटेखाटेशी चुगली बसली.

बऱ्याच वर्षांनी त्यातल्याच एका खाटेवर मावशी होती. डॉक्टरांनी रेवतीला बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं.

“रेवे, बरी होईन ना गं मी?”

“होशील की! गणपतीचे मोदक तूच करायचेस.”

टुक्!

रेवती बटण चाचपडत राहिली. मावशीनं उशाकडं पाहिलं, हसली, म्हणाली, “चुगलखोर मेलं.”

पँट खाली आली, ते खरंच हं. पदरचं एवढंच घातलं, की शेवटी मावशी हसली.