मागच्याला वाट

बसा, पण मधी बोलायचं न्हाई. ही गोष्ट निमोण्याच्या साहेबरावानं सोता मला सांगितली. त्याच्या पोराची, जयसिंगची. गेल्या देवदिवाळीच्या आदल्या रातीची.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रातची व्हती. साहेबराव उसाला पाणी द्यायला मळ्यात. जयसिंग कंपनीतनं आला, जेवला, आन् बापाचा डबा घेऊन सायकलीवर निघाला. सायकल गेरची, महागाची. घंटी मात्र त्यानं काढून टाकलेली. उगं वजन कशाला, म्हणायचा. चालणाऱ्याच्या अंगाला घासून सुसाट जायचा. माणूस दचकून बाजूला उडालं की ह्याला हसू.

वाट कालव्याच्या कडंची. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला भरलेला कालवा. बिबट्याच्या भ्यानं रातच्याला समदी मधनंच चालत्यात. सायकलीच्या उजेडात पुढं एक म्हातारी दिसली. डोक्यावर गवताचा भारा. मधोमध.

त्यानं येग कमी केला न्हाई. कडंनं घुसला. पदर हाताला लागला... वला. गार.

"आवाज देऊन जावं रं, लेकरा," म्हातारी मागनं म्हणाली.

"बाजूनं चालाय काय व्हतं?" जयसिंग वरडला आन् गेला.

वळण घेतलं. बघतो तर... पुढं तीच. तोच भारा.

ब्रेक दाबला. मागं फिरावं, तर वाट तीच एक. त्यानं खाली उतरून सायकल उसाला टेकवली.

"मावशी... तुम्ही व्हा पुढं. मी थांबतो."

म्हातारी थांबली. वळली न्हाई.

"तू उतरलास, बरं केलंस. पर मागचा?"

"मागं कोण न्हाई, मावशी."

तिनं डोक्यावरचा भारा सावरला.

मग त्याला ऐकू आलं. टिक टिक टिक... पायडल मारायचं थांबवलं की चाक वाजतं ना, तसं. उजेड न्हाई. घंटी न्हाई. जवळ आलं... कानापाशी...

मानेवर वारा लागला.

म्हातारी उसाकडं सरकली. वाट दिली.

टिक टिक थांबली. पाणी वाजलं न्हाई. कायच वाजलं न्हाई. म्हातारीबी न्हाई.

गप, रविराज. इचारू नकोस. ऐक.

सायकल हातात धरून पोरगं मळ्यात पोचलं. साहेबरावानं पाणी पाजलं, समदं काढून घेतलं. मग म्हणाला, "भामाबाई ती. वरल्या वस्तीवरची. दोन वर्सं झाली, तिथंच मागनं कुणीतरी सायकलवाला धडकला. कालव्यात गेली बिचारी. त्यो थांबला न्हाई. कोण व्हता, अजून कळलं न्हाई."

उजाडल्यावर बापलेक तिथं गेले. वाट पाझरानं वली व्हती. जयसिंगच्या चाकाचा माग, त्यो उतरला तिथवर. आन् त्याला लागून, इतभर अंतरावर, दुसऱ्या सायकलीचा माग. पार गावापासनं संगट आलेला. म्हातारी उभी व्हती तिथं त्यो वळला... सरळ पाण्यात.

पुढं कालव्याचं पाणी बंद झालं. साहेबराव तळात उतरला. सायकल न्हाई. हाडूक न्हाई. नुसता गाळ.

गाळात माग व्हता. ताजा.

पलीकडच्या काठावर चढलेला...