जुळे वर्षाव

डॉ. हेमांगी तळवलकरांचा फोन प्रयोगशाळेच्या गच्चीवरून खालच्या हौदात पडला आणि कायमचा बंद झाला. नागपूरच्या वैश्विक किरण केंद्रात कुणाला त्याचे फारसे काही वाटले नाही. नवा गगन फोन घेतील, एवढेच सगळ्यांनी गृहीत धरले. गगन फोनांच्या जोरावर तर केंद्र उभे होते, आणि हेमांगीबाई केंद्राच्या संचालक होत्या.

जगात तेव्हा दोनच फोनप्रणाली उरल्या होत्या. भारतात आणि पूर्वेकडे गगन, आफ्रिकेत आणि पश्चिमेकडे वेलुमा. दोघींचे एकमेकींशी अजिबात जमत नसे. एकीवरून दुसरीवर आवाज कसाबसा जाई, चित्र अडखळे, आणि ‘सान्निध्य’ मुळीच जात नसे. सान्निध्य म्हणजे दोन घरे दिवसभर जोडलेली ठेवण्याची सोय. फोन टेबलावर उभा केला की पलीकडच्या माणसाची चाहूल, त्याचे गुणगुणणे, भांड्यांचा आवाज असे सगळे आपल्या खोलीत वावरू लागे.

हेमांगीबाईंची एकुलती मुलगी शर्वरी नैरोबीत जलअभियंता होती. तिला सातवा महिना लागला होता. नवरा कामासाठी सतत बाहेरगावी असे, आणि कानाच्या शस्त्रक्रियेनंतर हेमांगीबाईंना विमानप्रवास बंद झाला होता. फोन बुडाल्याचे कळल्यावर शर्वरी आईच्या शेजारणीच्या जुन्या यंत्रावर बोलली.

“आई, या वेळी वेलुमा घे. तुला येता येत नाही, ते मला कळतं. पण घरात असल्यासारखी तरी अस.”

हेमांगीबाईंनी विचार करते म्हटले. सहकारी बेहराम दारूवालांना त्यांनी हे सहज सांगितले, तर त्यांचा चेहराच उतरला. बेहराम गणिती होते आणि वीस वर्षांचे मित्रही. लोकांनी त्यांचे फोन केंद्राला उधार दिले ते तुमच्यावर विश्वास ठेवून, आता तुमच्याच हातात दुसरी प्रणाली दिसली तर लोक काय समजतील, असे ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी चहालाही आले नाहीत.

बेहरामांचे म्हणणे खोटे नव्हते. फोनच्या कॅमेऱ्यामागची चकती केवळ प्रकाश टिपत नाही. अवकाशातून एखादा वेगवान कण वातावरणावर आदळला, की त्याच्यापासून कोट्यवधी कणांचा वर्षाव होतो, आणि त्यातला एखादा चकतीतून आरपार गेला, तर तिथे क्षणभर ठिणगी उमटते. वर्षाव गावभर पसरतो, म्हणून एका गावातल्या पुष्कळ फोनांत एकाच क्षणी ठिणग्या पडतात. फोनांची घड्याळे जुळलेली असली, की सगळा देश मिळून एक डोळा होतो. केंद्राने तो डोळा बांधला होता.

त्या डोळ्याला एक गोष्ट मात्र कधी दिसली नव्हती. ताऱ्याच्या स्फोटातून निघालेले लोखंडाचे अणुकेंद्र सूर्याजवळून जाताना सूर्यप्रकाशाच्याच कणावर आदळून दुभंगू शकते. दोन्ही तुकडे पृथ्वीकडे निघाले, तर इथे पोहोचेपर्यंत त्यांच्यात हजारो किलोमीटरचे अंतर पडलेले असते, पण येतात ते जवळजवळ एकाच क्षणी. गणित हे कधीचे सांगत होते. जुळे वर्षाव कुणी पाहिले मात्र नव्हते.

“दिसणार कसे?” बेहराम एकदा फळ्यापाशी म्हणाले होते. “एक तुकडा आपल्या फोनांवर पडतो, दुसरा त्यांच्या. आपल्या लेखी तो साधा वर्षाव, त्यांच्याही लेखी साधाच.”

“नैरोबी विद्यापीठ त्यांच्या नोंदी उघड करतं की.”

“करतं, पण वेलुमाच्या घड्याळानुसार. आणि ते घड्याळ कंपनी सारखं मागेपुढे सरकवत असते, कुणाला आपलं जाळं वापरता येऊ नये म्हणून. किती सरकवलं ते नैरोबीलाही ठाऊक नसतं. क्षण जुळवायचा कशाशी?”

फोनच्या दुकानातल्या मुलीने दोन्ही प्रणालींचे फोन काचेवर शेजारी शेजारी ठेवले. कॅमेरा, बॅटरी, पडदा यांबद्दल ती मन लावून सांगत राहिली. हेमांगीबाईंचे त्यातल्या कशाकडे लक्ष नव्हते. आपण कुठल्या माणसांत राहायचे, हे आपण एका काचेच्या तुकड्यावरून ठरवतो आहोत, याचेच त्यांना नवल वाटत होते. त्यांनी वेलुमा उचलला.

केंद्राने कामासाठी एक गगनही दिला. तो मेजावर ठेवून बेहराम तसेच परत गेले.

त्या दिवसापासून दोन्ही फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर असत. वेलुमातून नैरोबीची दुपार ऐकू येई. शर्वरीचे धापा टाकत उठणे, पंख्याची घरघर, खिडकीबाहेर कुणीतरी स्वाहिलीत मारलेली हाक. दोघी फारशा बोलत नसत. हेमांगीबाई भाजी निवडत, शर्वरी आराखडे तपासत बसे.

सवयीने त्या दोन्ही फोनांतल्या ठिणग्या पाहत. आपल्या फोनची नोंद मालकाला दोन्ही कंपन्या देत. एके दिवशी त्यांनी त्या सहज एकाखाली एक ठेवल्या आणि त्यांचा हात थबकला. दोन्ही फोन एकाच ओट्यावर होते. वर्षाव त्यांच्या घरावर आला, तेव्हा तो दोघांतूनही गेला होता. क्षण एकच होता, वेळा मात्र दोन पडल्या होत्या. त्या दोन वेळांतला फरक, तेच वेलुमाचे गुपित.

त्यांनी बेहरामांना घरी बोलावले. ओट्यापाशी उभे राहून ते बराच वेळ आकडे पाहत राहिले.

“पण हा फरक त्या क्षणापुरताच खरा आहे,” ते शेवटी म्हणाले. “पुढच्या मिनिटाला कंपनी ते घड्याळ पुन्हा सरकवणार.”

“म्हणजे जुळे दिसायचेच असतील, तर त्यातला एक याच घरावर पडायला हवा.”

बेहराम हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि हेमांगीबाईंच्या घरावर ज्या ज्या क्षणी वर्षाव झाला होता, तेवढेच क्षण नैरोबीच्या नोंदींत शोधायला घेतले. एकामागून एक क्षण रिकामा निघत गेला. मग एक रिकामा निघाला नाही. आदल्या गुरुवारी दुपारी नागपूरच्या पश्चिम भागावर वर्षाव झाला होता, आणि पृथ्वीची गोलाई हिशेबात धरली तर अगदी त्याच क्षणी नैरोबीवरही. दोन्हींची दिशा एकच होती. सूर्याला चाटून येणारी.

बेहरामांनी गणित पुन्हा केले, मग वेगळ्या रीतीने केले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

“ही आपली चूक असूच शकत नाही, हेमांगी. अर्धी गोष्ट तर आपली नाहीच. ज्यांनी ती नोंदली त्यांना आपण ठाऊक नाही, आणि त्यांचं घड्याळ आपल्यापासून लपवलेलं होतं. सगळ्यांकडे एकच प्रणाली असती, तर जगानं म्हटलं असतं, सॉफ्टवेअर चुकलं.”

पुढे केंद्राने आवाहन केले, तेव्हा एकाच छपराखाली दोन्ही प्रणाली नांदणारी घरे जगभरातून पुढे आली. कुठे नवराबायकोचे फोनवरून पटले नव्हते, कुठे सासूने सुनेचे ऐकले नव्हते. त्या प्रत्येक घरापाशी दोन आकाशे जोडली गेली, आणि जुळे वर्षाव इतके निघाले की बेहरामांनी मोजणे सोडले. आजवर ते सगळे असेच पडत आले होते, अर्धे अर्धे, कुणाला न कळता.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी बेहराम गेल्यावर हेमांगीबाईंनी वेलुमाकडे तोंड करून शर्वरीला हाक मारली आणि गुरुवारचा तो क्षण सांगून तिच्या फोनची नोंद पाहायला सांगितले.

पलीकडे शर्वरीने फोन उचलून नोंदी चाळल्या.

“आहे,” शर्वरी म्हणाली. “ठिणगी आहे. का गं?”

हेमांगीबाईंनी सांगितले. कधीतरी, माणसे नव्हती तेव्हा, एक तारा फुटला. त्यातला एक कण एवढा प्रवास करून आला, सूर्याच्या उजेडाने त्याचे दोन तुकडे झाले, आणि एक तुकडा या ओट्यावर उतरला.

“मी कांदा चिरत होते. मला काही कळलंसुद्धा नाही. तू कुठे होतीस?”

“मी झोपले होते. फोन पोटावर होता. म्हणजे तो आपल्या दोघींतून गेला.”

हेमांगीबाईंनी वेलुमा ओट्यावरून उचलून जवळ घेतला. पलीकडून श्वास ऐकू येत होता.

“तिघांतून,” शर्वरी हळूच म्हणाली.