उघाडीची पाहणी

काम अर्ध्या दिवसाचं होतं. दिवा गावाजवळ खाडीचा बांध फुटला होता, त्याबद्दल गावकऱ्यांच्या जबान्या लिहून आणायच्या. १८८४ सालचा भाद्रपद. कल्याणहून ओहोटीला होडी सोडली आणि दुपारी मी गावात उतरलो.

बांध आमच्या इनामदारांचा. मी त्यांचा कारकून, गोपीनाथ. बांधाची आणि उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या लाकडी दाराची, पाहणी दर वैशाखात माझ्याकडे असे. त्या वर्षी मी गेलोच नाही. घरात मुलीचं लग्न होतं. कल्याणात बसूनच ‘पाहिले, ठीक आहे’ असं लिहून सही ठोकली. श्रावणातल्या आवसेला भरतीनं उघाडी उखडली. सात माणसं गेली, लावणी झालेली खाचरं खाऱ्या पाण्याखाली गेली. इनामदार म्हणाले, राखणदारानं दार लावलं नाही. राखणदार धोंडीबा कोठडीत होता. मला तेवढंच लिहून आणायचं होतं.

देवळाच्या ओट्यावर बसलो. वारा पडलेला. कुजल्या भाताचा आंबूस वास घशात बसत होता. पहिली आली धोंडीबाची बायको, शेवंती. तिची सासू पाण्यात गेली होती.

“दार लावलं नव्हतं ना?” मी विचारलं.

“लावलेलं. पन फळी कुजलेली. धोंडीबानं तुमाला दावली ना…”

“मला?”

“वैशाखात तुमी आयलेले तवा.”

माझी लेखणी थांबली. “बाई, मी आलो नव्हतो.”

तिनं मागे वळून पाहिलं. मागून म्हातारा परशुराम हलकेच म्हणाला, “आयलेले, बाबा. भर दुपारचे. फळीच्या भोकात हात घातला, खांद्यापर्यंत. पानी दिलं, घेतलं नाय. धोंडीबा हात जोडून सांगत व्हता, फळी बदला. तुमी एकच बोलत व्हते…”

“काय?”

“‘पाहिले, ठीक आहे.’ दुसरं कायच नाय. जाईपर्यंत तेच.”

माझ्या सहीचा तो कागद इनामदारांच्या पेटीत कुलपात होता. गावातल्या कुणी तो पाहिलेला नव्हता. समोर वीसेक माणसं बसली होती, एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांनी होकाराची मान हलवली.

मी नवा कागद घेतला. ‘पाहणी झालीच नाही. दोष माझा,’ असं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

शेवंती ओट्यापाशी आली. “खोटं नका लिहू, बाबा. तुमी आयलेले…”

मामलेदारांपुढे मी लिहिलं होतं तेच सांगितलं. धोंडीबा सुटला, मला सहा महिन्यांची कैद झाली. इनामदारांना नवी उघाडी बांधून द्यावी लागली. कैदेत मला शांत झोप लागायची. वाटलं, संपलं.

पुढच्या ज्येष्ठात मी घरी तापानं पडलो होतो. सकाळी दारात एक आगरी माणूस आला, मुंब्र्याच्या पलीकडच्या, आमच्या इनामदारांच्याच एका गावचा. आमच्या मंडळींना म्हणाला, “घरचं कुनीतरी चला, गोपीनाथरावांना समजवा. उद्या आवस, आमच्या बांधाला भगदाड पडलंय, आनि ते ऐकतच नायत.”

मी कण्हत उठलो, चौकटीला धरून उभा राहिलो. त्यानं मला पाहिलं.

“तुमी हितं…” तो एक पाऊल मागे सरला. “मंग कालपासून आमच्या उघाडीवर उभे हायेत, ते कोन?”